मदत हवी आहे: ४२९४९६७२९७ मूळ संख्या आहे का? दोन प्रोग्रॅम, दोन उत्तरं

विषमभुज:
न = ४२९४९६७२९७ = २^३२ + १. पायथनमध्ये २^(न−१) ला न ने भागलं की बाकी १ येते, म्हणजे फर्माच्या कसोटीला (न मूळ असेल तर ही बाकी १ यायलाच हवी) न मूळ ठरते. सीमध्ये ६४ बिटी अनसाइन्ड (चिन्हाविना) पूर्णांक घेऊन (वर्ग करा, बाकी घ्या, असं ३२ वेळा) बाकी ० येते. खरं कोण? मूळ अवयव आणि सगळ्या विभाजकांची बेरीजही हवी आहे.

बाकीशून्य:
० बघूनच शंका यायला हवी. न विषम आहे, २ च्या कुठल्याही घाताला तिने पूर्ण भाग जाणारच नाही.

वर्गांची रांग मांडा: २, ४, १६, २५६, ६५५३६, ४२९४९६७२९६. शेवटची संख्या म्हणजे २^३२. तिचा वर्ग २^६४, आणि ६४ बिटांत मावतं २^६४ − १ पर्यंतच. अवघ्या एकाने हुकलं! तिथे ० झाला की पुढचे सगळे वर्ग ०. गुणाकार १२८ बिटी पूर्णांकात करा (जीसीसी या सी कंपायलरमध्ये मिळतो). मात्र गुणण्याआधी एक संख्या १२८ बिटी करून घ्या; गुणाकार झाल्यावर रूपांतर करून उपयोग नाही, वरचे बिट तोवर गेलेले असतात.

घातांकी:
पायथनची बाकी बरोबर, तुमचा निष्कर्ष चूक. न ने भागता २^३२ ची बाकी −१ च्या बरोबरीची, म्हणून २^६४ ची १. न−१ हा ६४ च्या पटीत आहे, त्यामुळे पाया २ घेतला की ही संख्या पास होणारच. पाया २ ची मिलर-राबिन ही जास्त कडक कसोटीही तिला पकडत नाही. पाया ३ घ्या: ३^(न−१) ची बाकी ३०२९०२६१६० येते. १ नाही, म्हणजे संयुक्त.

अवयवांसाठी सरसकट भागत बसू नका. हिचा प्रत्येक मूळ अवयव १२८क + १ (क पूर्णांक) याच रूपाचा असतो. १२९, ३८५, ५१३ मूळच नाहीत. २५७ ने बाकी २ उरते. पुढचा ६४१, आणि भाग जातो. (ऑयलरने १७३२ मध्ये हाच अवयव दाखवून, २^(२^म) + १ रूपाच्या सगळ्या संख्या मूळ असतात हा फर्माचा अंदाज खोटा पाडला.) कागदावरही पडताळता येतं: ६४१ = ५×२^७ + १ = ५^४ + २^४. म्हणजे ६४१ ने भागता ५×२^७ ची बाकी −१, तिचा चौथा घात ५^४×२^२८ ची १; त्यात ५^४ च्या जागी −२^४ घातलं की २^३२ ची बाकी −१.

न = ६४१ × ६७००४१७

विषमभुज:
१२८ बिटी केल्यावर सीमध्येही १ आला, पाया ३ ला ३०२९०२६१६०. धन्यवाद! पण ६७००४१७ मूळ कशावरून?

घातांकी:
तिचे अवयव न चेही अवयव, म्हणून तेच रूप. वर्गमूळ २५८८ च्या आसपास, तिथवर मूळ उमेदवार पाचच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. बाकी अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४, ६२२. म्हणजे मूळ.

विभाजक चार, बेरीज ६४२ × ६७००४१८ = ४३०१६६८३५६. ही ३२ बिटांत ठेवू नका. तिथे खुद्द न सुद्धा १ होऊन बसते.