'व्हीलचेअरला खिळलेला' हा प्रयोग बरोबर आहे का?

परवा पेपरात एकाबद्दल 'अपघातानंतर तो व्हीलचेअरला खिळला' असं वाचलं आणि अडखळलोच. आपला मूळ प्रयोग 'अंथरुणाला खिळणे', म्हणजे माणूस उठू शकत नाही, एका जागी पडून आहे. तोच उचलून व्हीलचेअरला लावलाय, पण अर्थ पार उलटा होतो ना. माझी ताई अकरा वर्षं व्हीलचेअर वापरते. मागे एकदा चाक सायकलवाल्याकडे पंक्चरला दिलं आणि त्या मापाची ट्यूबच मिळेना, ते दोन दिवस ती खरी खिळली होती, पलंगावर. खुर्ची आली तशी आधी गॅलरीत गेली. मी तरी 'व्हीलचेअर वापरते' एवढंच म्हणतो, चष्मा वापरते म्हणतो तसं. तुम्ही काय म्हणता?

प्रतिसाद: पटलं दादा. पण मग अपंग म्हणायचं का दिव्यांग? आमचे काका दिव्यांग म्हटलं की चिडतात, म्हणतात माझ्यात दिव्य काही नाही, सरळ अपंग म्हण.

प्रतिसाद: काकांना जे चालतं तेच म्हणा. 'दिव्यांग' ह्या अर्थाने तसा अलीकडेच रुळला, २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये सुचवला आणि मग सरकारी कागदावर सगळीकडे तोच आला. ताईला दोन्ही चालतात. आम्हाला खरं टोचतं ते सर्वनाम. हॉटेलात ताई समोर बसलेली, मेनूकार्ड तिच्याच हातात, आणि वेटर माझ्याकडे बघून विचारतो, "ह्या काय घेतील?" अहो, 'तुम्ही काय घ्याल' म्हणा ना तिलाच! मी आता उत्तरच देत नाही, ताईकडे बघतो, मग तोही बघतो.

प्रतिसाद: आणि मदत करायची असेल तर? 'ढकलू का' म्हणायला कसंतरी वाटतं.

प्रतिसाद: 'मदत हवी का?' पुरे, पण उत्तर येईपर्यंत थांबायचं, नको म्हटलं तर नको. लोक विचारतात आणि तेवढ्यात हँडल धरतात सुद्धा. एका लग्नात एका काकांनी चांगल्या मनानेच मागून जोरात ढकललं, ताईचा हात चाकाच्या कडीवर होता, अंगठा सोलवटला, आणि पुढचं छोटं चाक फरशीच्या फटीत अडकून ती पुढे कलंडली, मी धरलं म्हणून वाचली. उतार तीव्र असेल तर खुर्ची उलटी फिरवून हळूहळू उतरवायची, ताईचं तोंड चढाकडे, हे माहीतच नसतं कुणाला. हँडलला पर्स, पिशव्या पण अडकवू नका, वजन मागे जातं आणि चढावर खुर्ची मागे उलटू शकते.

अजून एक शब्द, 'फक्त'. हॉलवाल्याला फोन केला की "पायऱ्या नाहीत हो, फक्त दोनच आहेत." सहा-सहा इंचाच्या दोन पायऱ्या म्हणजे एक फूट उंची, आणि रॅम्पचा साधारण नियम एकास बारा, म्हणजे तिथे बारा फूट लांब रॅम्प लागतो. ह्यांच्या दोन पायऱ्यांवर टाकलेली चार फुटाची फळी म्हणजे घसरगुंडीच. म्हणून ताई आता 'पायऱ्या आहेत का' विचारतच नाही, "रस्त्यापासून स्टेजपर्यंत चाक न उचलता येईल का, आणि बाथरूमचं दार किती रुंद आहे, टेप लावून सांगा" असं विचारते.