परिचयात मूल्ये आणि छंद कसे मांडावेत?

प्रश्न: आमच्या वाचनमंडळात नव्या सभासदाने लेखी परिचय द्यावा, अशी पद्धत आहे. शिक्षण आणि नोकरी यांपेक्षा प्रामाणिकपणा, जुन्या कागदपत्रांविषयीचा आदर आणि मोडी लिपीचा माझा छंद यांतून मी कोण आहे हे कळावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. सुरुवात कशी करावी?

प्रतिसाद १: ‘मी प्रामाणिक आहे’ असे थेट लिहू नये. मोडीत शब्दांमध्ये बहुधा मोकळी जागा नसते आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही सहसा पाळलेला नसतो, त्यामुळे न लागलेला शब्द अंदाजाने भरण्याचा मोह होतो. तो आवरून आपण लिप्यंतरात ती जागा रिकामी सोडत असाल, तर तेवढेच सांगावे. वाचकाला आपला स्वभाव त्यातून स्पष्ट दिसेल.

प्रतिसाद २: सहमत आहे. मात्र बोरूने वळणदार अक्षर काढण्यातला आनंदही अवश्य लिहावा, कारण छंद म्हणजे केवळ सद्गुणांचा पुरावा नव्हे.

प्रश्नकर्ता: दोघांचेही आभार. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागद स्वतः वाचता यावेत, या ओढीने मी मोडी शिकू लागलो, हेच पहिले वाक्य ठेवतो.