मदत हवी आहे: वाढीव मजल्यासाठी गरम पाण्याची सोय, सोलर की हीट पंप?

मुलुंडमधल्या जुन्या बैठ्या घराचं नूतनीकरण चालू आहे, वर एक मजला चढतोय. बाथरूम ३, माणसं ६, रोजचा अंदाज ३०० लिटर. वीज सिंगल फेज, मंजूर भार ५ किलोवॅट, त्यामुळे २ किलोवॅटचे तीन गीझर एकदम चालणार नाहीत. गॅस गीझर नकोच. बाथरूमना शाफ्टमध्ये उघडणारी एकच छोटी खिडकी, हवा खेळत नाही.

हिशोब असा: २५ अंशांचं पाणी ५५ वर न्यायला साधारण साडेदहा युनिट. हीट पंपाला (हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं विजेचं यंत्र) त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. सोलरला ऊन फुकट, पण पावसाळ्याचे चार महिने टाकीतल्या विजेच्या कॉइलवरच काढायचे.

खरी अडचण प्रेशरची. गच्चीवरच्या टाकीचा तळ वरच्या शॉवरपेक्षा जेमतेम ५ फूट उंच. काचेच्या नळ्यांच्या साध्या सोलरला प्रेशर पंप जोडता येत नाही, टाकी फुगते, गळते. खालच्या बाथरूमपर्यंत पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाण्याचा प्लास्टिक पाइप) १८ मीटर, म्हणजे गरम पाणी येईतो साडेचार लिटर गार पाणी वाया.

भिंती अजून उघड्या आहेत, प्लास्टर पंधरा दिवसांनी. ३०० लिटरचा प्रेशरवाला हीट पंप गच्चीत बसवून रिटर्न लाइन (पाइपातलं गार झालेलं पाणी पंपाने परत टाकीत नेणारी) आत्ताच टाकावी, की खालच्या बाथरूमला वेगळा १५ लिटरचा गीझर पुरेल? आणि रिटर्न लाइन टाकल्यास सर्क्युलेशन पंप टायमरवर ठेवावा की तापमानाच्या सेन्सरवर?