प्वेर्तो सावेद्रा (चिली): एका दिवसात जमेल का?

प्रश्न (सांगलीकर):
कामानिमित्त तेमुकोत आहे, रविवार मोकळा मिळतोय. नकाशात किनाऱ्यावर सावेद्रा दिसलं. मापुचे (इथले मूळनिवासी) वस्ती मोठी आहे म्हणतात. जाऊ का? शाकाहारी आहे, स्पॅनिश कामचलाऊ.

उत्तर (किनारपट्टी):
जा. मी तेमुकोत दोन वर्षं काढली, सावेद्राला पाच-सहा वेळा गेले. बस काराउएवरून जाते.

आधी नावाचं बघा. कोर्नेलियो सावेद्रा हा १८६०च्या दशकात मापुचे मुलूख ताब्यात घ्यायला निघालेला लष्करी अधिकारी. ज्यांची जमीन घेतली, त्यांच्याच गावाला त्याचं नाव! इथले लोक स्वतःला लाफकेन्चे म्हणवतात. लाफकेन म्हणजे समुद्र, चे म्हणजे माणसं. मला तरी तेच नाव खरं वाटतं.

गाव जुनं दिसणार नाही. २२ मे १९६०च्या ९.५ तीव्रतेच्या भूकंपानंतर लाटा आल्या आणि होतं ते धुऊन नेलं. मापुचे कथेत काय-काय हा पाण्याचा सर्प समुद्र चढवतो आणि त्रेंग-त्रेंग हा जमिनीचा सर्प डोंगर उंचावून माणसांना वाचवतो. बसस्टॉपवर एका आजींनी ही गोष्ट सांगताना हाताने मागची टेकडी दाखवली. मग गोष्ट ऐकायची की टेकडीकडे बघायचं तेच कळेना.

बुदी तळं चुकवू नका. पाणी खारट, काळ्या मानेचे हंस. तिथल्या 'इस्ला वापी'ची गंमत म्हणजे वापी म्हणजेच बेट, म्हणजे बेट-बेट!

खाण्याचं: काटुतो मागा, शिजवलेल्या गव्हाचा लांबट गोळा. भाजलेल्या गव्हाचं पीठ पाण्यात साखर घालून पितात, उल्पो. पहिल्या घोटाला मला आजोळचं सातूचं पीठ आठवलं. मेरकेन ही धुरावलेली मिरची, थोडी घरी आणाच. तळलेल्या सोपायपियाच्या पिठात मात्र डुकराची चरबी असू शकते, विचारून घ्या.

सांगलीकर:
वा! लोकांशी बोलताना काय म्हणू? फोटो?

किनारपट्टी:
'मारी मारी' म्हणा. मारी म्हणजे दहा. दोघांचीही दहा बोटं, असा अर्थ लावतात. पुरुष पुरुषाला 'पेन्यी' म्हणतो, भाऊ. मला सगळे 'लामङेन' म्हणायचे, म्हणजे बहीण. निघताना 'चाल्तु माय', म्हणजे धन्यवाद. फोटो विचारूनच, आणि विधी चालू असेल तर कॅमेरा पिशवीतच ठेवा.

आणि उतरल्याबरोबर परतीची शेवटची बस विचारा. मी रविवारी विचारलं नाही, मग कोचायुयोच्या जुड्या भरलेल्या टेम्पोत बसून काराउएपर्यंत आले. त्या समुद्री शेवाळाचा वास स्वेटरला आठवडाभर होता.