गुंतवळ, गळणारे केस आणि आपले अनुभव (अनुभव धागा)

परवा दुपारी मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत ‘केसांवर भांडीऽऽ’ अशी आरोळी आली आणि मी हातातले काम टाकून दारात आले. माझी आजी विंचरताना निघालेली गुंतवळ बोटाभोवती गुंडाळून न्हाणीच्या कोनाड्यात साठवायची आणि वर्षाकाठी तिच्या बदल्यात एखादी वाटी नाहीतर चहाची गाळणी घ्यायची. बारावीच्या वर्षी मला विषमज्वर झाला. ताप उतरला, अंगात ताकद आली आणि त्यानंतर केस असे गळू लागले की तो कोनाडा महिन्याभरात भरला. त्या वर्षी आजीने केस विकले नाहीत. ती गुंतवळ पिशवीत भरून तिने कुठे नेली, हे तिने मला शेवटपर्यंत सांगितले नाही.

आज हे लिहिण्याचे कारण माझी मुलगी आहे. तिला गणपतीच्या सुमारास डेंग्यू झाला आणि आता तिची उशी रोज सकाळी केसांनी भरलेली असते. राजारामपुरीतल्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी तिच्या केसांची छोटी बट चिमटीत धरून हलकेच ओढली, हातात आलेल्या केसांची टोके भिंगाखाली पाहिली आणि सांगितले, की डोक्यावरचे शेकडा ८५ ते ९० केस एरवी वाढीच्या अवस्थेत असतात, पण मोठ्या तापाच्या धक्क्याने त्यांतले बरेचसे एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळतात. मूळ शाबूत असल्यामुळे ते परत येतात. हे मला बारावीत कोणी सांगितले असते तर मी वर्षभर आरशाकडे पाठ फिरवली नसती. आपापले अनुभव कृपया लिहावेत.

शिरोळकर
ताई, आमच्या घरी नेमके हेच घडले, फक्त दोष वेगळ्यावर गेला. २०२१ च्या मे महिन्यात आम्हा तिघांना कोरोना झाला, जुलैत महापूर आला आणि ऑगस्टमध्ये बायकोचे व माझे केस गळू लागले. सगळ्या गावाने सांगितले, की पुराचे पाणी बाधले. आम्ही न्हाण्यासाठी पाण्याचे जार विकत आणले, दोनदा शाम्पू बदलला, पण गळती थांबली नाही. पाण्यात क्षार जास्त असतील तर केस राठ होतात आणि तुटतात हे खरे असले, तरी आमचे केस मुळासकट येत होते आणि त्यांच्या टोकाला पांढरा ठिपका होता. दिवाळीनंतर गळती आपोआप कमी झाली.

गंगावेशीतली आई
बाळ आईला बघून हसायला लागले की आईचे केस गळतात, असे आमच्या सासूबाई म्हणतात आणि त्यांचा हिशेब चुकत नाही, कारण बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी हे सुरू होते. गरोदरपणात संप्रेरकांमुळे जे केस गळायचे थांबलेले असतात ते नंतर एकत्र गळतात. माझी गळती मात्र वर्षानंतरही थांबली नाही, तेव्हा तपासण्या केल्या. थायरॉईड ठीक होते, हिमोग्लोबिन ९.४ होते आणि शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन अवघे ९ होते. मी जेवणावर लगेच चहा पीत असे. चहामुळे जेवणातले लोह नीट अंगी लागत नाही, हे मला तोपर्यंत ठाऊकच नव्हते. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, चहा दीड तास पुढे ढकलला आणि मटकीच्या उसळीवर लिंबू पिळायची सवय लावून घेतली. चार महिन्यांनी कपाळावर बोटभर उंचीचे ताठ केस उभे राहिले. ते तेल लावून बसवायला मला जिवावर येत असे.

कसबा बावडा
काकू, माक्याच्या तेलाची कृती कोणाकडे आहे का?

महाद्वार रोड
आमच्या घरी खोबरेल तेलात माका, जास्वंदीची फुले आणि कढीपत्ता मंद आचेवर पाला कुरकुरीत होईपर्यंत कढवतात. केस त्यामुळे मऊ राहतात आणि विंचरताना तुटत नाहीत, म्हणून मी ते आजही करते. तेलाने गेलेला केस उगवतो असे मात्र मी कोणालाही सांगणार नाही, कारण त्याच भरवशावर माझ्या धाकट्या भावाची तीन वर्षे गेली.

उद्यमनगर
वरच्या ताईंचा भाऊ म्हणजे जणू मीच. वडिलांना टक्कल, आजोबांना टक्कल आणि मला तेविसाव्या वर्षी कपाळाच्या दोन्ही बाजूंनी केस मागे सरकू लागले. एका ठिकाणी ‘केस पुन्हा उगवून देतो’ म्हणून चाळीस हजारांचे पॅकेज माझ्या गळ्यात मारले. तिथे माझे घराणे कोणी विचारले नाही की डोके नीट तपासले नाही. पुढे योग्य डॉक्टर भेटले आणि त्यांनी मिनॉक्सिडिल दिले. हे औषध मुळात रक्तदाबाच्या गोळीचे होते. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढतात असे दिसल्यावर त्याचे डोक्याला लावायचे द्रावण तयार झाले आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढते, हे डॉक्टरांनी सांगूनही मी घाबरलो आणि बाटली कपाटात ठेवून दिली. दुसऱ्या वेळी नेटाने सहा महिने लावले तेव्हा फरक दिसला. औषध थांबवले की मिळवलेले केस जातात, त्यामुळे ते सुरू करण्याआधी मनाची तयारी करावी. घरात मांजर असेल तर हे द्रावण तिच्यापासून फार जपावे, कारण मांजरासाठी ते विषारी आहे.

फुलेवाडी
केसगळतीचा सगळ्यांत मोठा धसका मी मुलाच्या वेळी घेतला. तो नऊ वर्षांचा होता. केस कापताना न्हावीदादांनी कात्री थांबवली आणि त्याच्या मानेवरची रुपयाएवढी गुळगुळीत जागा मला दाखवली. चाई होती. शेजारणीच्या सांगण्यावरून मी तिथे लसूण चोळला आणि दुसऱ्या दिवशी त्या कोवळ्या कातडीवर फोड आले. त्या फोडांबद्दल मी अजूनही स्वतःला माफ केलेले नाही. शेवटी सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात केसपेपर काढला. शरीराची संरक्षणयंत्रणाच केसांच्या मुळांवर उलटते, हा संसर्ग नव्हे आणि तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही, असे तिथल्या डॉक्टरांनी समजावले. तेच मी त्याच्या वर्गशिक्षिकेला जाऊन सांगितले, कारण बाकावर त्याच्या शेजारी कोणी बसत नव्हते. त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतःची खुर्ची त्याच्या बाकाजवळ ओढून घेतली आणि तिथूनच शिकवले. मलमाने तीन महिन्यांत केस आले. आधी ते पांढरेशुभ्र होते, नंतर काळे झाले.

शाहूपुरी
फुलेवाडीच्या ताई, लसूण आम्हीही चोळला होता. तुम्ही एकट्या नाही.

नागाळा पार्क
मी परिचारिका आहे. वीस वर्षे कामावर घट्ट आंबाडा बांधला आणि कानशिलावरचे केस विरळ झाले. ताण देऊन बांधलेले केस वर्षानुवर्षे ओढले गेले की मूळच मरते आणि मग ते परत येत नाहीत. आपल्या मुलींच्या शाळेच्या वेण्या जरा सैल घालाव्यात, ही माझी सर्वांना कळकळीची विनंती आहे. गंगावेशीतल्या ताईंनी तपासण्यांविषयी लिहिले आहे, त्यात एक भर घालते. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी तसे डॉक्टरांना सांगावे, कारण त्यांच्यामुळे थायरॉईडच्या तपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

धागाकर्ती
परिचारिका ताई, तुम्ही हे वेळेवर लिहिलेत. मैत्रिणीच्या सांगण्यावरून माझी मुलगी गेला महिनाभर बायोटिन घेत होती आणि सोमवारी तिचे रक्त द्यायचे आहे. आत्ताच डॉक्टर बाईंना फोन केला. गोळ्या थांबवून तपासणी आठवडाभर पुढे घ्यायला त्यांनी सांगितले आहे. फेरिटिनही त्यात लिहून घेतले आहे.