अनुभव धागा: दिल्लीचे निर्णय आणि आपली झेडपी

पंचायत राजला घटनेत स्थान देणारी ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ला लागू झाली. पुढे केंद्राचा निधी कुणाला किती द्यायचा हे सुचवणारा चौदावा, पंधरावा वित्त आयोग आला. या सगळ्याने जिल्हा परिषदेचं काय झालं, हे झेडपीत नोकरी केलेल्यांनी, निवडून आलेल्यांनी आणि कामासाठी हेलपाटे घातलेल्यांनी इथे सांगावं. जिल्ह्याचं नाव दिलं नाही तरी चालेल.

निवृत्त लेखा कर्मचारी

मी लागलो तेव्हा १९७९ला निवडून आलेली बॉडी होती. पुढची निवडणूक थेट १९९२ साली! घटनादुरुस्तीने पाच वर्षांची मुदत पक्की केली, राज्य निवडणूक आयोग आणला आणि मग १९९७पासून २०१७पर्यंत दर पाच वर्षांनी मतदान झालं. माझ्या मते हीच तिची सर्वांत मोठी देणगी.

पैशाची गोष्ट वेगळी. चौदाव्या आयोगाने (२०१५ ते २०२०) सगळा निधी थेट ग्रामपंचायतींना दिला. झेडपी आणि पंचायत समितीला त्यात शून्य. उरला सेस, म्हणजे झेडपीचा स्वतःचा निधी. त्यातले २० टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी, आणि ते राखलेच पाहिजेत. पण उरलेल्या रकमेत सगळ्या गटांना, म्हणजे सदस्यांच्या मतदारसंघांना, पुरेल असं काय बसवणार? बजेटच्या सभेत सदस्य आमच्या टेबलाशी येऊन विचारायचे, ‘भाऊसाहेब, माझ्या गटाला किती?’ आकडा सांगताना जीव कासावीस व्हायचा.

माजी सदस्या, २०१७ची बॉडी

महिलांना ५० टक्के आरक्षण राज्याने २०११मध्ये केलं, त्यामुळे मी उभी राहू शकले. घटनादुरुस्तीतली एक तृतीयांशची अट नसती, तर राज्याने हे पाऊल उचललं असतं का, मला शंका वाटते.

माझ्या गटात दोन गावांच्या मधे ओढा आहे. पावसाळ्यात त्यावरच्या फरशी पुलावरून पाणी गेलं की पलीकडची मुलं हायस्कूलला येत नाहीत. दोन्ही ग्रामपंचायतींकडे वित्त आयोगाचे पैसे होते. दोन्ही सरपंच म्हणाले, ‘ताई, ओढा आमच्या आराखड्यात नाही.’ तेही खरं होतं, त्यांनी आपापल्या गावठाणातले रस्ते आणि गटारं धरली होती. गावांच्या मधलं जे असतं, ते झेडपीचं. आणि नेमकी झेडपीच रिकामी! पंधराव्या आयोगाने तिन्ही स्तरांना पुन्हा पैसे दिले, आपल्या राज्यात ग्रामपंचायत ८०, पंचायत समिती १०, झेडपी १० टक्के. तेव्हा कुठे ओढ्यावरच्या छोट्या पुलाचं काम मी सुचवू शकले. पण त्यातला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला, त्यामुळे पूल मागे पडला, पाइपलाइन पुढे गेली.

ग्रामपंचायत अधिकारी

थेट निधीला नावं ठेवू नका, ही कळकळीची विनंती. पूर्वी गावाचा पैसा वरून झिरपत यायचा, वाटेत महिने जायचे. आता खात्यात रक्कम दिसते, ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर काम चढतं, सरपंच आणि माझी डिजिटल सही झाली की बिल सुटतं. एकाची सही नूतनीकरणाला अडकली की सगळं थांबतं, एवढाच त्रास. तो सहन करू.

प्राथमिक शिक्षक

शाळा झेडपीची, पण गळक्या छताला पैसे ग्रामपंचायतीकडून मिळतात का ते बघावं लागतं. आमच्या सरपंचताईंनी पत्रे बदलून दिले. शेजारच्या गावात नाही मिळाले. मुलांचं छत सरपंचाच्या मनावर असू नये.

तालुक्यात राहणारा, शेती

मार्च २०२२ला राज्यातल्या बहुतेक झेडप्यांची मुदत संपली. ओबीसी आरक्षणाचा खटला सुप्रीम कोर्टात अडकला आणि प्रशासक बसले. वित्त आयोगाचा नियम असा, की निवडून आलेली बॉडी नसेल तर अनुदान नाही. पंधराव्या आयोगाने झेडपीला जे थोडं दिलं होतं, तेही त्यामुळे थांबलं. निवडणुका घ्या असं कोर्टाने ६ मे २०२५ला बजावलं. निवडणूक लांबवण्याचा निर्णय माझा नव्हता, माझ्या गावाचाही नव्हता. मग दंड आम्हाला का? अट ठेवा, पण अडवलेली रक्कम बॉडी आल्यावर त्याच जिल्ह्याला पूर्ण मिळाली पाहिजे. नव्या सदस्यांनी पहिल्याच सर्वसाधारण सभेत हा ठराव घ्यावा, असं पत्र आम्ही गावकऱ्यांनी लिहून ठेवलं आहे.