मदत हवी आहे: नवशिक्यासाठी डार्कटेबल की रॉथेरपी?

नमस्कार मंडळी. भाचीला रॉ फोटोंचं (म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलींचं) एडिटिंग शिकायचंय. लॅपटॉपला ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. गिंप हा फोटो एडिटर रॉ फाइल स्वतः उघडत नाही, डार्कटेबल किंवा रॉथेरपीकडे सोपवतो; म्हणून निवड या दोघांतच. दोन्ही रॉ एडिटिंगचे फुकट प्रोग्राम. डार्कटेबल ग्राफिक्स कार्डाची मदत घेऊ शकतं, रॉथेरपीचं सगळं काम प्रोसेसरवर. या लॅपटॉपवर कोणतं कमी अडखळेल?

खरी अडचण झेंडूची आहे. केशरी पाकळ्यांत लाल चॅनल (फोटोतल्या लाल-हिरव्या-निळ्या भागांपैकी लाल) सगळ्यांत आधी कमाल मर्यादेपर्यंत भरतो. पाकळीच्या कडा, सुरकुत्या पुसल्या जातात आणि सपाट केशरी डाग उरतो. त्यात डार्कटेबल फाइल उघडतानाच एक्स्पोजर (उजळपणा) +०.७ ईव्हीने (१ ईव्ही म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवतं. ते ० वर आणावं, की तसंच ठेवून कलर बॅलन्स आरजीबी या डार्कटेबलच्या मॉड्यूलमध्ये सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) उतरवावं? नवशिक्याला आधी कोणतं शिकवाल? मला पहिलं बरं वाटतं, कारण हिस्टोग्राम (उजळपणाचा आलेख) लगेच समजतो. रॉमध्येच लाल कापला गेला असेल तर हायलाइट रिकन्स्ट्रक्शनची (कापला गेलेला उजळ भाग अंदाजाने भरून काढण्याची) कोणती पद्धत पाकळ्यांना मानवते?

रॉसोबत एक्सएमपी फाइलही (हिच्यात डार्कटेबलमधले बदल साठवलेले असतात) हलवायची आणि एक्स्पोर्ट एसआरजीबी या नेहमीच्या स्क्रीनच्या रंगप्रणालीत करायचं, हे तिला सांगून झालंय. झेंडू, जास्वंद एडिट करणाऱ्यांनी आपली सेटिंग्ज आकड्यांसकट लिहावीत, ही विनंती.